उकिरड्याचे पांग आणि भांडेवाडीची माती

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. कुणाचेही दिवस पालटतात, धीर सोडू नये, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. पण ज्यांनी ही म्हण घडवली त्यांच्या डोळ्यांपुढे खराखुरा उकिरडा होता. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, जनावरांनी उरवलेला कडबा, भाजीची देठे, अंगण झाडून निघालेला केर हे सगळे त्या खड्ड्यात पडायचे. उन्हाळ्यात खड्डा उपसला की तळाशी काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत सापडायचे. बंड्या भरभरून ते वावरात जायचे आणि मृगाच्या पावसानंतर त्यातूनच ज्वारी उभी राहायची.

या उकिरड्याला एक शिस्त होती. फुटकी काच, गंजका खिळा, पत्र्याचा तुकडा त्यात टाकायची सोय नव्हती. पुढे ते खत हातानेच पसरायचे असे आणि त्याच वावरात अनवाणी पायांनी चालायचे असे. टाकणारा आणि चालणारा माणूस एकच होता.

नागपूर शहराचाही एक उकिरडा आहे. पूर्व नागपुरात, पारडी आणि वाठोड्याच्या परिसरात, भांडेवाडी नावाचा. शहराचा कचरा तिथे अनेक दशके पडतो आहे. आज शहरातून रोज हजार टनांहून अधिक कचरा निघतो. भांडेवाडीच्या ढिगाला बारा वर्षे कितीतरी वेळा उलटून गेली, पण त्याचे पांग फिटले नाहीत. उलट ढिगाखालच्या आणि आसपासच्या जमिनीचे पांग वाढत गेले. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी ढिगाच्या पोटात शिरावे लागेल आणि मग त्याच्याखालच्या मातीत.

ढिगाच्या पोटात

आपल्या शहरी कचऱ्याची पाहणी करण्यात नागपूरचाच मोठा वाटा आहे. 1958 मध्ये इथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. 1974 पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. 2004-05 मध्ये नीरीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी देशातल्या 59 शहरांच्या कचऱ्याचा अभ्यास केला. त्यात दिसलेली गोष्ट आजही महत्त्वाची आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो. खरकटे, साली, पालापाचोळा, भाजीबाजारातला उरलासुरला माल, म्हणजे जुन्या उकिरड्यातला ऐवजच.

मग बिघडते कुठे? कुजणारा कचरा वेगळा राहिला तर त्याचे खत होते. तोच बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटक्या ट्यूबलाइट, औषधाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मोडक्या रिमोटसोबत एका ढिगात दाबला गेला की तो त्या वस्तूंमधले विष सोडवणारे रसायन बनतो.

हे घडते कसे ते पाहू. ताज्या ढिगात पहिले काही दिवस हवा असते. जिवाणू ती वापरून भराभर कुजवण्याचे काम करतात आणि ढीग आतून तापतो. वरून नव्या गाड्या रिकाम्या होत जातात, ढीग दबतो, आतला प्राणवायू संपतो. आता हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते अन्नकचऱ्याचे तुकडे करून आम्ले तयार करतात. कचऱ्याच्या गाडीमागे येणारा आंबूस, नाकात बसणारा वास या आम्लांचाच. ढिगातल्या पाण्याचा सामू (pH) या काळात 5 ते 6 पर्यंत उतरतो. या आंबट पाण्यात बॅटरीतले कॅडमियम आणि शिसे, पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा, रंगातले क्रोमियम, जोडकामातले कथिल-शिसे हळूहळू विरघळू लागते.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मिथेन तयार करणारे जिवाणू जोर धरतात. ते आम्ले खाऊन टाकतात, सामू पुन्हा वर चढतो आणि ढिगातून मिथेन निघू लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात भांडेवाडीला आग लागल्याची बातमी येते, ती याच वायूमुळे धुमसते. ढिगाचा वरचा भाग विझला तरी आतला निखारा दिवसेंदिवस धगधगत राहतो.

कुजणारा कचरा आणि विषारी वस्तू यांचा तिसरा भागीदार पाऊस. नागपुरात वर्षाकाठी साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक हेक्टर उघड्या ढिगावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरते एक कोटी लिटर. काही उडून जाते, काही वरूनच वाहून जाते. पण चौथा हिस्सा जरी आत मुरला, तरी एका हेक्टरमागे 25 लाख लिटर पाणी ढिगाच्या पोटातून झिरपत खाली येते. वाटेत भेटलेले जे जे विरघळण्यासारखे आहे ते घेऊन ते काळपट, चहाच्या उकळलेल्या चोथ्यासारखे पाणी तळाशी जमते. त्याला लिचेट म्हणतात. कचऱ्यातून मातीत विष नेणारी वाट ही.

काळ्या मातीचे बळ

या लिचेटची गाठ आता मातीशी पडते. माती ओळखण्याच्या बाबतीतही नागपूर हे देशाचे केंद्र आहे. देशभरातल्या मातीचे सर्वेक्षण करून नकाशे बनवणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो इथेच, अमरावती रोडवर आहे. शेतकऱ्यांचे वर्गीकरण त्याहून जुने: काळी, मोरंड, खरडी, बरडी. नागपूरच्या आसपास संत्र्याच्या आणि कपाशीच्या मुलखात पसरलेली काळी माती सगळ्यांच्या ओळखीची.

काळ्या मातीत चिकणमातीचा अंश फार मोठा, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. या चिकणमातीचे कण भिंगाखालीही दिसणार नाहीत इतके बारीक आणि चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. या पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे धन भार असलेले कण त्यांना चिकटून बसतात. कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम ही पिकांची अन्नद्रव्ये काळी माती धरून ठेवते ती याच गुणाने. काळ्या जमिनीची कस टिकवण्याची ख्याती इथून येते.

पण हे चिकटणे माती निवडून करत नाही. शिसे, कॅडमियम, निकेल यांचे कणही धन भाराचेच. लिचेटमधून आले की तेही या पापुद्र्यांना धरून बसतात. शिवाय आपली काळी माती विम्लधर्मी. तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात, सामू आठच्या आसपास असतो. आंबट लिचेट अशा मातीत शिरले की आम्ल मरते आणि विरघळलेले धातू पुन्हा घट्ट होऊन मातीतच बसतात.

वरवर पाहता ही चांगली गोष्ट. माती गाळणीसारखे काम करते आणि धातूंचा मोठा भाग विहिरीपर्यंत पोचू देत नाही. पण घरातल्या फिल्टरची कॅण्डल आपण वर्षभराने बदलतो. जमिनीची कॅण्डल बदलता येत नाही. माती जे अडवते ते तिच्यातच साठते. कुजणारा पदार्थ जिवाणू मोडू शकतात, शिसे मोडता येत नाही. ते मूलद्रव्य आहे, त्याचे दुसरे काही होत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मातीत बसलेले शिसे आजही शिसेच असते.

आणि ही गाळणी सगळेच अडवत नाही. ऋण भाराच्या कणांना माती जवळ येऊ देत नाही, ते सरळ खाली निघून जातात. लिचेटमधले क्लोराइड असेच जाते. ढिगातला अमोनिया आधी मातीला चिकटतो, पण हवा मिळाली की मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट ऋण भाराचे, म्हणून ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करते. क्रोमियमचे सर्वांत घातक रूपही ऋण भाराचेच, त्यामुळे तेही मातीच्या हातून निसटते.

लिचेटमध्ये मीठही भरपूर असते: स्वयंपाकातले, लोणच्यापापडातले, साबण-पावडरीतले. त्यातला सोडियम चिकणमातीवरच्या कॅल्शियमला हटवून स्वतः तिथे बसतो. मग मातीची रवाळ घडण मोडते. ओली असताना ती चिखल होऊन पसरते, सुकली की दगडासारखी आवळते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. विदर्भातला शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो आणि चोपण जमिनीत काय पिकते, किंवा पिकत नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मे महिन्यातल्या भेगा

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे, जो डम्पिंगच्या बाबतीत फार महाग पडतो. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की उघड्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. हाताचा पंजा आत जाईल एवढ्या रुंद, आणि खोली काही ठिकाणी मीटरभर. चिकणमातीतून पाणी झिरपायला एरवी वर्षे लागतात, म्हणून चिकणमाती म्हणजे निसर्गाने दिलेले अस्तर, असे पूर्वी समजले जाई. पण हे अस्तर वर्षातून एकदा, नेमके पावसाच्या तोंडावर, फाटलेले असते.

जूनच्या पहिल्या जोरदार सरी कोसळतात तेव्हा मातीला फुगायला वेळ मिळालेला नसतो. उन्हाळाभर साचलेली घाण घेऊन आलेले पाणी कणाकणातून न गाळता थेट भेगांतून खाली उतरते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, जमीन जवळजवळ जलरोधक होते. मग लिचेटला खाली वाट नसते, म्हणून ते आडवे वाहते. नाल्याकडे, सखल भागाकडे, शेजारच्या वस्तीकडे. उन्हाळ्याच्या शेवटी खाली आणि पावसाळ्यात बाजूला, अशी दुहेरी गळती.

खालचा खडकही मदतीला येत नाही. नागपूर दोन भूशास्त्रीय मुलखांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला दख्खनच्या लाव्हाचा काळा खडक, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने, स्फटिकांचे कठीण खडक. दोन्हींमध्ये भूजल साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि फटींमध्ये. फटींतून जाणारे पाणी सरळ रेषेत जात नाही. ढिगाजवळची विहीर चांगली लागते आणि लांबची बिघडते, असे होऊ शकते. म्हणून एका विहिरीचा नमुना बरा निघाला यावरून परिसर सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

जे पाणी वरून वाहते त्याची वाट मात्र नकाशावर बोटाने दाखवता येते. पूर्व नागपुरातून नाग नदी शहराबाहेर पडते, पिवळी नदीला भेटते, मग कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे. नागपूरच्या सांडपाण्याने आणि कचऱ्याने त्या जलाशयाचे पाणी बिघडते, ही तक्रार तिथले लोक अनेक वर्षे करत आले आहेत. नागपूरच्या इतवारीत टाकलेल्या गोष्टीचा शेवट गोसीखुर्दच्या काठावर होतो.

पानात आणि धुळीत

मातीत बसलेला धातू माणसापर्यंत येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट पिकाची. कॅडमियमचे रासायनिक वागणे जस्ताशी मिळतेजुळते आहे. जस्त झाडाला हवे असते, त्यामुळे मुळे फसतात आणि जस्तासोबत कॅडमियमही वर ओढून घेतात. पालक, मेथी, लेट्यूस अशा पालेभाज्यांच्या पानांत ते सर्वांत जास्त साठते. दाण्यांत आणि फळांत तुलनेने कमी. शहरालगतच्या जमिनीत सर्वांत जास्त लावली जातात ती नेमकी पालेभाजीची पिके, कारण ती लवकर येतात आणि बाजार जवळ असतो. कोलकात्याजवळच्या धापा इथे शहराच्या कचऱ्यावर अनेक पिढ्या भाजी पिकवली गेली. तिथल्या मातीत आणि भाजीत शिसे, कॅडमियम सापडल्याचे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात बसते आणि त्यातले निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात.

दुसरी वाट धुळीची. शिसे झाडाच्या पानात सहसा चढत नाही, ते मुळाशी आणि वरच्या थरात राहते. पण वरचा थर सुकला की धूळ होतो. ती भाजीवर बसते, घरात येते, रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. डम्पिंगला आग लागते तेव्हा या वाटेला जोर चढतो. प्लॅस्टिक जळून डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि धातू जळून नाहीसे होत नाहीत, तर राखेत एकवटतात. धूर ओसरला की लोकांना वाटते संकट टळले. राख मात्र वस्त्यांच्या छपरांवर आणि जमिनीवर बसलेली असते.

यावर लक्ष ठेवणार कोण? शेतकऱ्याला 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडते हे ही पत्रिका उत्तम सांगते. पण शिसे, कॅडमियम आणि पारा तिच्या यादीत नाहीत. डम्पिंगशेजारच्या शेतकऱ्याच्या हातात चांगला अहवाल असेल आणि त्याची माती तरीही बाधित असेल, हे सहज शक्य आहे. अशा गावांपुरती ही यादी वाढवणे हे सरकारच्या आवाक्यातले काम आहे आणि ते व्हायला हवे.

एका ग्रॅमचा हिशेब

आपल्या घरातून जाणारी एखादी छोटी वस्तू एवढ्या मोठ्या ढिगात काय बिघडवणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून एक हिशेब मांडतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी धातूंच्या मर्यादा ठरवल्या. एका किलो खतात शिसे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि पारा 0.15 मिलिग्रॅम, याहून जास्त चालणार नाही.

आता उलटा हिशेब करू. एक ग्रॅम शिसे 10 किलो स्वच्छ खताला मर्यादेपर्यंत नेते. एक ग्रॅम कॅडमियम 200 किलो खताला. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात असणाऱ्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये कॅडमियम काही ग्रॅम असते. ते तीन ग्रॅम धरले तरी एक सेल 600 किलो खत वाया घालवायला पुरतो, म्हणजे बैलबंडीभर. सीएफएल दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण तीन मिलिग्रॅम पारा 20 किलो खताला मर्यादेवर नेतो.

कुजणारा कचरा हजारो किलो आणि विष चिमूटभर, तरी चिमूटच सगळ्याचे भवितव्य ठरवते. दुधाच्या पातेल्यात पडलेल्या लिंबाच्या थेंबासारखे हे आहे, पातेले किती मोठे याला मग अर्थ राहत नाही. आणि एकदा मिसळले की यंत्राने वेगळे करणे अशक्यप्राय. बोटभर सेल ढिगात शोधता येत नाही, घरात मात्र तो आपल्या हातातच असतो. वर्गीकरण घरातच व्हावे असा आग्रह धरला जातो त्याचे खरे कारण हे आहे. शिस्तीचा किंवा नीटनेटकेपणाचा प्रश्न त्यानंतर येतो.

ढीग उचलला, जमीन सुटली?

गेल्या काही वर्षांत देशभर जुने ढीग उपसण्याचे काम सुरू झाले आहे. त्याला बायोमायनिंग म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात या कामाला पैसा मिळाला. भांडेवाडीतही लाखो टन जुन्या कचऱ्यावर ही प्रक्रिया झाली.

काम असे चालते. जेसीबीने ढीग फोडून त्याच्या लांबट ओळी घालतात. त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून त्या अधूनमधून उलथतात. उरलेसुरले कुजते, ओल कमी होते. मग तो माल ट्रॉमेल नावाच्या फिरत्या, मोठ्या चाळण्यांतून जातो. प्लॅस्टिक, चिंध्या, रबर वेगळे निघून सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. दगड-विटा भरावाला जातात. शेवटी चाळणीखाली उरते बारीक, काळी, मातीसारखी दिसणारी वस्तू, आणि अनेक ठिकाणी एकूण मालात तिचा वाटा सर्वांत मोठा असतो.

खरा कस इथे लागतो. या मालाला सर्रास माती म्हटले जाते, खत म्हणून शेतात टाकण्याची कल्पनाही पुढे येते. दिसायला तो जुन्या उकिरड्यातल्या खतासारखाच असतो. पण गेल्या कित्येक वर्षांतल्या बॅटऱ्या, रंग आणि मीठ ज्या ढिगात पडले, त्या ढिगातलाच हा सर्वांत बारीक भाग आहे, आणि धातू बारीक कणांनाच जास्त चिकटतात. त्यात प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे तुकडेही असतात. म्हणून प्रत्येक खेप तपासल्याशिवाय ती शेतात जाऊ नये. नाहीतर एका जागी साठलेले विष आपणच शंभर वावरांत वाटून देऊ.

दुसरा प्रश्न ढिगाखालच्या जमिनीचा. ढीग हटला की मोकळी जागा दिसते, ती किमती असते आणि तिच्यावर काय बांधायचे याची चर्चा लगेच सुरू होते. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या जुन्या कालव्यात रासायनिक कचरा पुरून वर माती टाकली होती. 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरमध्ये दिली गेली. तिथे शाळा झाली, घरे झाली. पुढे तळघरांतून रसायने वर येऊ लागली आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. दूषित जागा साफ करण्याचा अमेरिकेचा कायदा त्यानंतर, 1980 मध्ये आला. जपानच्या तोयामा भागात खाणीतले कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत गेले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. तिथली शेतजमीन दुरुस्त करण्याचे काम 1979 मध्ये सुरू झाले आणि 2012 मध्ये संपले. तेहतीस वर्षे!

आपल्याकडेही जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले. मात्र घनकचऱ्याचे डेपो त्यांनी मुख्यतः कचऱ्याच्या वेगळ्या नियमांवरच सोडले आहेत. त्या 2016 च्या नियमांत नव्या भराव-जागेसाठी तळाशी 90 सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर सांगितले होते. बंद केलेल्या जागेवर किमान 15 वर्षे देखरेख ठेवावी, असेही म्हटले होते. म्हणीतल्या बारा वर्षांपेक्षा तीन वर्षे जास्त. पण जुन्या ढिगांखाली असे अस्तर कधीच नव्हते. तिथली मुदत कॅलेंडरवर ठरवून चालणार नाही, ती मातीच्या आणि विहिरींच्या तपासणीवरच ठरायला हवी.

पांग फेडायचे कसे

जमीन बिघडली म्हणजे सगळे संपले असे नाही. धातू नष्ट करता येत नसले तरी त्यांना जागच्या जागी बांधता येते. चांगले कंपोस्ट, चुना, फॉस्फेट योग्य प्रमाणात मिसळले तर शिसे असे घट्ट बसते की मुळांना ते सहज उचलता येत नाही. झाडेही मदत करतात. मोहरीच्या काही जाती धातू ओढून पानात-खोडात साठवतात. ते पीक कापून वेगळे, सुरक्षित जागी न्यावे लागते. ते जनावरांपुढे टाकले तर सगळी मेहनत उलटी फिरेल. नागपूरकरांच्या ओळखीचा वाळा खोल, दाट मुळांनी माती धरून ठेवतो, धूळ आणि धूप थांबवतो आणि धातू मुळांतच अडवतो. अशा जागेवरचा वाळा मात्र कूलरच्या जाळीत येता कामा नये, एवढी दक्षता हवी.

हे स्वप्नरंजन नाही. नागपूर जिल्ह्यातल्याच गुमगावच्या मँगनीज खाणीत दगडमातीचे उजाड ढीग होते, ज्यांवर गवतही येत नव्हते. साखर कारखान्याची मळी, नत्र बांधणारे जिवाणू, मुळांशी नाते जोडणाऱ्या बुरशा आणि निवडक झाडे यांच्या जोरावर नीरीच्या शास्त्रज्ञांनी तिथे हिरवाई उभी केली. माती मेली असे वाटते तेव्हाही तिच्यात जीव परत आणता येतो, हे नागपूरने आपल्याच अंगणात करून दाखवले आहे. खुद्द भांडेवाडीतही तसे उदाहरण आहे. तिथल्या केंद्रात शहराचे सांडपाणी शुद्ध होते आणि कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते. तेवढे स्वच्छ पाणी धरणांत वाचते. जे शहर सांडपाण्याची किंमत ओळखू शकले, ते ओल्या कचऱ्याची किंमत ओळखू शकणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने तर सुरुवातीपासूनचा रस्ता दाखवला. छोट्या नगरपरिषदेने घरोघरी कचरा अनेक प्रकारांत वेगळा घेतला, ओल्याचा गॅस आणि खत केले, सुक्याला बाजार शोधला. जिथे डेपो होता तिथे लोक सहलीला येऊ लागले. नागपूर वेंगुर्ल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठे आहे आणि इथले काम त्या मानाने अवघड आहे हे खरे. पण मोठ्या शहरातही वर्गीकरणाचा कण एकच, एक घर.

त्या घराला करायचे ते थोडेच. ओला कचरा वेगळा, आणि त्यात काहीही मिसळायचे नाही. सुका वेगळा. आणि तिसरा छोटा डबा: सेल, दिवे, थर्मामीटर, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधे. तो डबा भरायला वर्ष लागेल, पण जमिनीला सर्वांत जास्त धोका त्याच डब्यात असतो. महापालिकेने करायचे ते असे: हा तिसरा डबा नेणारी गाडी ठरलेल्या दिवशी येईल, आणि घरात वेगळे केलेले गाडीत पुन्हा एक होणार नाही, याची हमी. ही हमी मोडली की लोक वर्गीकरण सोडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. कबाडी आणि कचरावेचक हे दोघे आज मातीचे सर्वांत मोठे राखणदार आहेत. त्यांनी वेचलेला प्रत्येक सेल आणि पत्रा ढिगाखालच्या मातीत जाण्यापासून वाचतो. त्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि रास्त भाव मिळणे हाही माती वाचवण्याच्या कामाचाच भाग आहे.

जुन्या उकिरड्याचे पांग बारा वर्षांच्या वाट पाहण्याने फिटले नाहीत. त्यात काच पडू न देणाऱ्या हाताने ते फेडले. आपले पाय आपल्याच वावरात पडणार आहेत, हे त्या हाताला माहीत होते. शहराने हा दुवा तोडला. धरमपेठेत टाकायचे आणि भांडेवाडीत कुणीतरी दुसऱ्याने चालायचे, अशी विभागणी झाली. पण नायट्रेटला वॉर्डाची हद्द कळत नाही आणि शहरालगत पिकलेली पालकाची जुडी कोणत्या ताटात जाणार हे तिच्यावर लिहिलेले नसते. आज रात्री स्वयंपाकघरात एखादा संपलेला सेल हातात आला, तर तो कुठे ठेवायचा हे ठरवताना आपण त्याच वावरात अनवाणी उभे आहोत, एवढे लक्षात असू द्यावे.